पुंडलिकच्या नावाची नोटीस

अजिंठा,
५ जानेवारी २०२६

चि. अक्षदा हिला त्रिंबकमामाचा आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको. सगळं खुशाल हाय, शेळी व्याली, दोन करडं झाली. फोन सोडून कागदावर का उतरलो ते सांगतो. फोन मी बंद करून ज्वारीच्या कणगीत ठेवलाय. त्यात बोललेलं कुठं जाईल याचा आता भरवसा राह्यला नाय. पोस्टाचं पाकीट निदान चिकटवता येतं. तूबी पाकिटातच लिही आन् तुझ्या आईला यातलं काही बोलू नको. माझी सख्खी बहीण हाय, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाय.

तू वकील झालीस म्हणून इचारतो. काम माझं नाय, माझ्या एका मित्राचं हाय. त्याची बायको वारून सहा वर्षं झाली. पोरी आपापल्या घरी सुखी हायत. गडी एकटा पडला. तर त्यानं पुण्याच्या 'नवंतोरण' नावाच्या कंपनीत नाव नोंदवलं. बायको वारलेली, नवरा वारलेला, सोडचिठ्ठी झालेली, अशांची लग्नं जमवणारी कंपनी. वर्गणी भरली, फोटो दिला, आधार कार्ड दिलं, काय हवं नको ते लिहून दिलं. कंपनी म्हणली, तुमची माहिती आमच्याकडं कुलपात ऱ्हाईल.

आता कुणीतरी त्या कुलपातून अकरा हजार लोकांची यादी पळवली आन् पानांचे फोटो काढून व्हाट्सअपवर सोडली. आमच्या गावात लोकांना धंदाच मिळाला. फोटो असल्यानं नाव टाकून सापडत नाय, एकेक पान वाचावं लागतं. म्हणून माझ्याच हाटेलात रोज सकाळी चहाबरोबर दोन-चार पानं वाचतात. नावं इंग्रजी अक्षरांनी लावलीत. सध्या डी चालू हाय. कुणाच्या अपेक्षा वाचल्या की असं खिदळतात की मी चहा गाळायला आत जातो.

मित्राचं नाव अजून यायचंय. त्याला काही करता येईल का, ते कळव. गडी लई खचलाय.

तुझा
त्रिंबकमामा

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचं पाकीट पोस्टमननं हातात दिलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं मला कुणी प्रेमपत्र धाडलं. आत बघते तर अजिंठ्याच्या हाटेलातला कायदेशीर प्रश्न. मामा, मला वकिली करून दोन वर्षं झाली, पण आजवर नुसत्या साहेबांच्या फायली वाहिल्या. हे माझं पहिलं स्वतःचं काम. तुमच्या मित्राला माझ्याकडून चहा द्या.

आता नीट ऐका. सगळ्यात आधी, तुमच्या मित्राला सांगा की कुणी फोन करून कंपनीतून बोलतोय म्हणालं आणि ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करायचा. कणगीतला नाही, चालू असलेला.

नुकसानीचं म्हणाल तर वाटा आहेत. माहिती सांभाळायचा नवा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात आले, पण त्यातलं बरंचसं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचंय. आणि त्या कायद्यानं कंपनीला मोठा दंड होऊ शकतो खरा, पण तो सरकारजमा होतो. म्हणजे बैल हरवला आपला आणि दंड गेला चावडीत. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येते, पण त्याचा अर्ज मुंबईला त्या खात्याच्या सचिवांपुढं चालतो आणि तिथं कोणती माहिती नाजूक धरायची यावरच वाद होतो.

मला विचाराल तर ग्राहक आयोग बरा. तुमच्या मित्रानं वर्गणी भरली, म्हणजे तो ग्राहक झाला. विश्वासानं दिलेली माहिती नीट सांभाळली नाही, ही सेवेतली त्रुटी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपल्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला जावं लागत नाही. असे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांची मिळून एकच तक्रारही चालते.

त्याआधी कंपनीला नोटीस धाडू. त्यासाठी मला मित्राचं पूर्ण नाव आणि गल्ली कळवा. वर्गणीची पावती जपून ठेवायला सांगा.

आई विचारत होती मामाचं पत्र कशाला आलं. म्हटलं, करडं झाली.

तुमची
अक्षदा

अजिंठा,
१४ जानेवारी २०२६

चि. अक्षदा, संक्रांतीचा तिळगूळ घे, गोड बोल.

पत्र दोनदा वाचलं. मित्राला वाचून दाखवलं. त्याला लई बरं वाटलं, पण तो इचारतो की नाव न घालता नोटीस नाय का देता येत? म्हणजे 'अजिंठ्याचा एक दुखी इसम' असं घालून? कंपनीला कळल्याशी मतलब.

नाय म्हणशील तर लिहून घे. नाव पुंडलिक, माळी गल्ली, अजिंठा. बाकी कागद मी गोळा करून देईन. जे काय धाडशील ते माझ्याकडंच धाड, मी त्याला देतो.

हाटेलात आज एच संपला. लोक आता इतके सरावलेत की एकजण वाचतो आन् बाकीचे त्या माणसाला बायको कशी मिळावी ते सुचवतात. एका नाशिकच्या मास्तरासाठी तर खरंच स्थळ निघालं असतं, पण फोन कुणी करायचा यावर भांडण झालं.

त्रिंबकमामा

औरंगपुरा,
१९ जानेवारी २०२६

मामा,

घाईत लिहिते, खाली रिक्षा थांबलीय. नाव न घालता काही होत नाही. कायद्यात दुखी इसमाला जागा नाही, तिथं माणूस लागतो.

पुंडलिकरावांच्या नावानं नोटिशीचा मसुदा केला. छान झालाय, स्वतःच सांगते. वकीलपत्रावर त्यांची सही लागेल, म्हणून दोन्ही कागद आज स्पीड पोस्टानं थेट त्यांच्या घरी धाडलेत. तुमच्याकडं नाही धाडले. रागावू नका, पण अशिलाचं गुपित अशिलाच्याच हातात द्यायचं असतं. तुमच्या हातून गेलं असतं तर तुम्ही पाकीट फोडून वाचलं असतं, हे मी लहानपणापासून बघतेय.

अक्षदा

अजिंठा,
२८ जानेवारी २०२६

अक्षदा,

तू काय करून बसलीस. तुझी चूक नाय, माझीच हाय, पण तू काय करून बसलीस.

माळी गल्लीत पुंडलिक नावाचा माणूस खरंच ऱ्हातो. माझ्यापुढं तोच एक चेहरा आला, लिहिलं नाव. त्याची बायको वारलेली नाय. साळूबाई तिचं नाव, चांगली ठणठणीत हाय, दोन हंडे एका दमात आणती. पोस्टमननं पाकीट तिच्याच हातात दिलं. तिनं शेजारच्या सुनेकडून वाचून घेतलं. 'माझे अशील हे विधुर असून पुनर्विवाहास इच्छुक आहेत', एवढंच वाचून झालं आन् तिनं पुढचं ऐकलंच नाय. पुंडलिक शेतातून आला तर त्याची वळकटी दारात. म्हणली, जितेपणी मला मारलंस, आता जा तुझ्या नवीच्या घरी.

पुंडलिक बिचारा पी च्या पानाचे फोटो घेऊन गेला, हे बघ माझं नाव यादीत नाय म्हणून. तर ती म्हणती, नाव बदलून दिलं असशील, वकिलीणबाई काय खोटं लिहिती व्हय?

आता पुंडलिक माझ्याच हाटेलातल्या बाकड्यावर ऱ्हातोय. मीच त्याला दोन टायमाला भाकर घालतो. तो मला म्हणतो, तिरंबक, तुझ्यासारखा दोस्त नाय. 

तुला आतापर्यंत समजलंच असंल. तो मित्र मीच हाय. तुझी मामी गेल्यापासून हाटेलात दिवसभर शंभर माणसं येतात, पण कुलूप लावून घरी गेलो की 'आलो गं' म्हणायला कुणी नाय. एवढंच कारण. पोरींना सांगायची लाज वाटली, तुझ्या आईला सांगायची भीती वाटली.

आन् आता सगळंच सांगतो. कंपनीनं एक स्थळ दाखवलं होतं. बानाबाई, फुलंब्रीकडं अंगणवाडी सेविका हायत, नवरा वारून नऊ वर्षं झाली. आपल्यातल्याच, धनगराच्या. आम्ही दोन महिने फोनवर बोललो. अक्षदा, मी तिला पोहे कसे करतो ते सांगितलं आन् ती म्हणली शेंगदाणे आधी तळायचे. त्यावर अर्धा तास वाद झाला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. यादी फुटली आन् तिचं नाव बी अक्षरात असल्यानं पहिल्याच हप्त्यात सगळीकडं झालं. तिचा पोरगा बिभीषण वाळूजला कंपनीत हाय, त्याला लोकांनी तिथं चिडवलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आन् एक. मी तिला वय चौपन्न सांगितलं होतं. यादीत सांगितलेलं वय आन् आधारवरचं वय शेजारी शेजारी छापलंय. आधारवर एकोणसाठ. टी चं पान तिनं बघितलं असणारच.

मला भरपाई नको. ती परत बोलंल का, एवढंच मला पाहिजे. तू वकील म्हणून तिला पत्र लिही, तिलाबी तक्रार करता येती म्हणून सांग. मी सांगितलं असं मात्र लिहू नको.

त्रिंबक

औरंगपुरा,
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामा,

आधी कबूल करते, पुंडलिकरावांची वळकटी वाचून मी इतकी हसले की साहेबांनी आत बोलावून विचारलं. मग पुढचं वाचलं आणि डोळे भरले. मामा, तुम्ही एकटे आहात हे मला कळायला हवं होतं. दिवाळीला आम्ही येतो, फराळ खातो, लेण्यांकडं पाहुण्यांना फिरवायला तुम्हालाच नेतो आणि संध्याकाळी गाडीत बसतो. तुमच्याकडं कुणी मागं वळून बघितलं नाही.

चूक माझीही आहे. अशिलाला न बघता, न बोलता मी नोटीस केली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, पहिल्याच कामात एका नवरा-बायकोची फारकत, मोठी वकील होशील. साळूबाईंना मी वेगळं माफीपत्र धाडलंय. त्यात तुमचं नाव नाही, ते सांगायचं काम तुमचं.

बानाबाईंना मी लिहिणार नाही. वकिलानं आपणहून लोकांना पत्रं लिहून कामं मागायची नसतात, तसा नियम आहे. आणि नियम नसता तरी लिहिलं नसतं. पुंडलिकरावांच्या आड झाकलात, आता भाचीच्या आड झाकायचंय का? त्यांना तुम्ही स्वतः लिहा. वयाचं, पुंडलिकचं, सगळं. पाहिजे तर माझा पत्ता द्या.

तक्रार करायची असेल तर तुमच्या नावानं, तुमच्या खऱ्या वयानं आणि शपथेवर करावी लागेल. चौपन्न लिहिलंत तर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी आधार काढून दाखवेल. आणि तक्रार कुणाला दाखवायची नाही असं होत नाही, आयोगात नाव पुकारतात. विचार करून सांगा. नको वाटलं तर नका करू, मी काही म्हणणार नाही. पण पुंडलिकरावांना आज घरी धाडा. आजच.

तुमची
अक्षदा

(फुलंब्रीजवळून)
९ फेब्रुवारी २०२६

अॅडव्होकेट अक्षदा मॅडम यांना बानाबाईचा नमस्कार.

तुमचा पत्ता त्रिंबकरावांनी दिला. त्यांचं सात पानांचं पत्र आलं. अंगणवाडीची रजिस्टरं भरून मला लिहायची सवय आहे, म्हणून फोन न करता लिहिते. सगळं कागदावर राहिलेलं बरं.

यादीत माझं नाव, फोटो, पगार, मुलाचं नाव, सगळं आलं. चार दिवस गावातल्या बाया माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. बिभीषण वाळूजहून आला आणि म्हणाला, आई, तू हे काय केलंस. मी म्हणलं, मी चोरी केली का? चोरी ज्यानं केली त्याला शोध, कुलूप ज्यानं उघडं टाकलं त्याला विचार. आपल्यात मोहतूर पहिल्यापासून चालतं, विधवेनं दुसरं लग्न करणं आपल्या बापजाद्यांना चालत होतं. फक्त ते अंधारात, गुपचूप लावायचे, कुणी तोंड बघू नये म्हणून. मला ते लपून करायचं आवडत नाही, म्हणून तर मी कंपनीत खरं नाव, खरं वय आणि खरा फोटो दिला.  तिसऱ्या दिवशी बिभीषण म्हणाला, तक्रार करायची तर मी गाडीवर नेतो.

तर माझी तक्रार लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या यादीतल्या आणखी पाच बाया तयार आहेत. पावत्या सगळ्यांच्या आहेत, मी तपासल्या.

आता त्रिंबकरावांचं. त्यांच्यावर माझा जीव आहे, तुमच्यापासून कशाला लपवू. पाच वर्षं वय कमी सांगितलं त्याचा मला राग नाही. अंगणवाडीत आया लेकरांची वजनं वाढवून सांगतात, मी काट्यावर बघून खरं लिहिते, भांडत नाही. पण माझं नाव गावभर झालं तेव्हा हा माणूस फोन कणगीत घालून बसला. आणि वर दुसऱ्याच्या नावाआड लपला. उद्या मी त्या घरात गेले आणि लोक काही बोलले, तर हे कुणाच्या मागं लपतील?

त्यांनी आपल्या नावानं तक्रार केली आणि आयोगात सगळ्यांसमोर उभे राहिले, तर मी त्यांच्याशी बोलेन. नाही केली तर नाही. पण हे तुम्ही त्यांना सांगू नका. अट म्हणून केलेलं मला नको. मनातून करतात का ते बघायचं आहे.

आपली
बानाबाई

अजिंठा,
१४ फेब्रुवारी २०२६

चि. अक्षदा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी 'आजच' हा शब्द वाचला आन् तरी धीर झाला नाय. आठ दिवस तसाच ऱ्हायलो. मधी बानाबाईला सगळं खरं लिहिलं, ते सोपं गेलं, कारण ती समोर नव्हती. पुंडलिक समोर होता. तुझं माफीपत्र साळूबाईला पोचलं होतं, पण तिला तीबी पुंडलिकचीच चाल वाटली.

परवा सकाळी हाटेलात एस संपला. वाचणारा म्हणला, उद्या टी. पुंडलिक बाकड्यावर बसून चहा फुंकत होता. त्याची दाढी वाढलेली, अंगात माझाच सदरा. मी गॅस बंद केला आन् म्हणलं, उद्या कशाला, आजच वाचू, आणा इकडं तो फोन. चष्मा लावला आन् माझं मीच वाचलं. तिरंबक, गाव अजिंठा, धंदा चहाचं हाटेल आन् तीन एकर. सांगितलेलं वय चौपन्न, खरं वय एकोणसाठ. अपेक्षा: स्वयंपाक नाय आला तरी चालंल, मला येतो. बोलणारी पाहिजे.

एवढ्या दिवसांत त्या हाटेलात पहिल्यांदा कुणी हसलं नाय. एकानं तर चहाचा पेला खाली ठेवला. मग पुंडलिक उठला. मला वाटलं आता मारतो, आन् मारलं असतं तर खालीच मान घातली असती. तो म्हणला, भडव्या, मला सांगितलं असतंस तर मी माझं नाव तुला आपखुशीनं दिलं असतं. शिवी तशीच लिहिली, माफ कर.

आम्ही दोघं मिळून त्याच्या घरी गेलो. साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग मला बसायला पाट दिला, पुंडलिकला नाय दिला. म्हणली, तुमच्यामुळं मला एक कळलं भावजी, की हा गडी पंधरा दिवस बाहेर ऱ्हायला तर मला करमत नाय. हे त्याला सांगू नका. तो तिथंच उभा होता.

तक्रार माझ्या नावानं लिही. तिरंबक नाय, कागदावर त्रिंबक घाल. वय एकोणसाठ. शपथ घ्यायला कधी यायचं ते कळव. बानाबाईचं काही उत्तर नाय. नसू दे. ती बोलली नाय तरी मला आता नाव लपवायचं नाय. फोन कणगीतून काढलाय, पण तुला पत्रच लिहीन. फोनवर मला असलं काही बोलता आलं नसतं.

तुझा मामा

औरंगपुरा,
१८ मार्च २०२६

प्रिय मामा,

तुमची सगळी पत्रं मी आईला वाचून दाखवली. परवानगी न घेता, म्हणजे मीही त्या कंपनीतलीच. आई रडली, मग म्हणाली, याला पोहे करता येतात हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. तिला सगळं जानेवारीपासून माहीत होतं. यादी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आली होती आणि तिनं थेट टी काढला होता. दोन महिने ती गप्प बसली, हा आमच्या घरातला विक्रम आहे.

तक्रार दाखल झाली. एकूण तेवीस जण. तक्रारदार क्रमांक एक बानाबाई, क्रमांक दोन तुम्ही. क्रम मी मुद्दाम लावलेला नाही, त्यांचे कागद आधी आले.

तक्रारीआधी सगळ्यांच्या वतीनं धाडलेल्या नव्या नोटिशीला कंपनीचं उत्तर आलंय. चोरी त्रयस्थानं केली, आमचा दोष नाही, तरी सद्भावना म्हणून एक वर्ष सभासदत्व मोफत वाढवून देऊ. म्हणजे तेच कुलूप, वर्षभर आणखी. मी नको कळवलं. आपली मागणी तीनच गोष्टींची आहे: काय काय माहिती गेली ते प्रत्येकाला लेखी सांगा, माफी मागा आणि भरपाई द्या. एक मात्र खरं सांगते, लोकांच्या फोनात जे पोचलं ते परत आणायचा उपाय कोणत्याच कायद्यात नाही.

बानाबाईंचं मला विचारू नका. त्या माझ्या अशील आहेत. यावेळी मी गुपित खरंच राखणार आहे.

अक्षदा

औरंगपुरा,
७ जुलै २०२६

प्रिय मामा,

जिंकलो म्हणायला हरकत नाही. आयोगानं मध्यस्थीला धाडलं होतं, तिथं कंपनीनं मान्य केलं. प्रत्येकाला सहीचं माफीपत्र, ठरली ती भरपाई, आणि ज्याला हवं त्याची सगळी माहिती कंपनीकडून कायमची काढून टाकायची. साहेब आज सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीनं काम चांगलं केलं. मी क्रांती चौकापर्यंत चालत गेले आणि एकटीनं दोन कुल्फ्या खाल्ल्या.

मध्यस्थीच्या दिवशी तुम्ही आणि बानाबाई बाकाच्या दोन टोकांना बसलात, मधे बिभीषण हेल्मेट मांडीवर घेऊन. नाव पुकारलं तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्यानं 'हजर' म्हणालात की शिपाई दचकला. बानाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडं बघितलं. तुमचं लक्ष नव्हतं, म्हणून सांगितलं. एवढं सांगायला हरकत नसावी, ते तर सगळ्यांनी बघितलं.

सोबत कंपनीचा फॉर्म धाडतेय, माहिती काढून टाकण्याचा. नीट भरा, खाडाखोड नको, आणि पंधरा दिवसांत मला परत करा.

अक्षदा

अजिंठा,
१६ जुलै २०२६

चि. अक्षदा हिला आशीर्वाद.

फॉर्म आला. बारीक अक्षरात चार पानं. मला काही ते जमंना, म्हणून सकाळच्या बसनं फुलंब्रीला उतरलो आन् तिथून रिक्षानं अंगणवाडीत गेलो. म्हणलं, रजिस्टर भरायचा हात असलेलं माणूस पाहिजे, आन् मला ओळखीचं एकच माहीत हाय. बानाबाई लेकरांना खिचडी वाढत होती. मला म्हणली, बसा, आधी तुम्हीबी खा. मीठ कमी होतं. मी बोललो तर ती म्हणली, लेकरांचं हाय, तुमच्या हाटेलातलं नाय. पुन्हा वाद झाला. फेब्रुवारीतल्या माझ्या पत्राला तिनं अशा रीतीनं उत्तर दिलं.

लेकरं घरी गेल्यावर आम्ही खाली सतरंजीवर फॉर्म घेऊन बसलो. ती इचारत गेली, मी सांगत गेलो. नाव, गाव, वय. वय मी न अडखळता सांगितलं. शेवटच्या पानावर एक रकाना होता: माहिती काढून टाकण्याचं कारण. मी म्हणलं, लिही, यादी फुटली म्हणून. ती लिहीना.  मग म्हणली, ते कारण तेवीस जणांचं हाय, तुमचं सांगा. मला काही बोलता येईना. मला, अक्षदा, दिवसभर शंभर माणसांशी बोलणाऱ्याला.  तिनं मान खाली घातली, रकान्यात लिहिलं, मग स्वतःच्या फॉर्मवरबी तेच लिहिलं आन् दोन्ही माझ्यापुढं सरकवले. म्हणली, दिवसा करायचं, हळद लावून, मांडव घालून, सगळ्या गावाला बोलावून. बिभीषणला मी इचारलंय.

दोन्ही फॉर्म सोबत जोडलेत. तपासून कंपनीला धाड. कारणाच्या रकान्यात 'सोयरीक जमली' असं लिहिलंय. ते अक्षर माझं नाय, पण मजकूर मला मान्य हाय, म्हणून खाली माझ्या खऱ्या नावानं सही केली.

तुझा
त्रिंबकमामा